अंड्याच्या बदल्यात लोण्याचं मडकं

कुत्र्याला काय आवडतं हे कुत्र्यालाच विचारावं लागतं, आणि तो मेला कधी सरळ उत्तर देत नाही. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. तोवर आमच्या घरात कुत्र्याची आवडनिवड पाहिली होती कोणी? मेंढ्या राखायच्या, उरलंसुरलं गिळायचं आणि दाराबाहेर झोपायचं.

पण त्या वर्षी माझ्या भाचीचं, तिलिलाचं लग्न ठरलं आणि मडकं सापडेना.

आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप खारवलेल्या लोण्याचं मडकं जमिनीत पुरतो. कुठे, ते कोणालाही सांगायचं नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही. लग्न दारात आलं की त्यानेच ते उकरून काढायचं, आणि इतकी वर्षं मुरलेल्या त्या लोण्याचा पहिला गोळा लग्नाच्या कुसकुसावर, त्या वाफवलेल्या रव्याच्या ढिगावर, पडायचा. माझ्या बास्सूदादाने पुरलं होतं, यात शंका नाही. पण आता दादाला बायको वारल्याचंही आठवत नव्हतं. स्वतःच्या लेकीला विचारायचा, "कोणाची गं तू पोरी?" मडकं कुठंय म्हटलं की ओठ घट्ट मिटून डोंगराकडे बघत बसायचा.

"बाजारातून एक आणू," मी म्हटलं. "जुनं लोणी मिळतं. सासरच्यांना काय कळतंय?"

"मला बाजारचं नको, आत्या," तिलिला म्हणाली. "मी कोण आहे हे बाबांना माहीत होतं ना, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी केलेली ती एकच गोष्ट उरलीय."

पोरगी कधी रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही.

मग आम्ही खणलं. अंजिराखाली, गोठ्यात, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात. शेजारचा हम्मू त्याच्या दुकानाच्या ओट्यावरून चहा पीत सल्ले द्यायचा. त्याचं आपलं नेहमीचं, उंटावरून शेळ्या हाकणं. मला म्हणायचा, "इत्तो, विहीरच पाड की आता. लोणी नाही तर नाही, पाणी तरी लागेल!"

कुत्र्याची कल्पना मात्र माझी. मुरलेल्या लोण्याचा वास म्हणजे काय विचारता! मडक्याचं तोंड मातीने लिंपलेलं असलं तरी कुत्र्याच्या नाकाला तो लागणारच. आमचा उश्शन तरणाबांड होता. नाव कोल्ह्याचं आणि अंगाने अस्वल. त्याला लोणी शोधायला शिकवायचं, मी ठरवलं. आणि शोधलं की लोणीच चाटवायचं. लोणी हवं तर लोणी द्या, सरळ हिशेब.

कसलं सरळ! उश्शन लोणी शोधायला शिकला, पण माझ्या खिशातलं. माझ्या बोटांवरचं, ओढणीच्या टोकावरचं. बागेत नेलं की माझ्याभोवतीच गोल गोल फिरायचा. एकदा तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला आणि हलेना.

"आत्या, जे तुझ्या हातात मिळतंय ते तो जमिनीत कशाला शोधेल?" तिलिला हसून म्हणाली. "त्याला दुसरं काहीतरी द्यायला हवं. लोण्याहून आवडतं, पण लोण्याचा वास नसलेलं."

लोण्याहून आवडतं! आता हे कसं ओळखायचं? मला नादच लागला. अंगणात चटई टाकली, त्यावर एकेक पदार्थ मांडला आणि पोरगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसं कुत्र्याला समोर बसवलं. जवाची भाकरी त्याने अदबीने उचलली, कोपऱ्यात नेली आणि पुरून ठेवली. ऑलिव्ह तोंडात घेऊन माझ्या पायावर थुंकला. खजूर खाल्ला, पण बी चघळत इतका वेळ बसला की काम विसरला. लसणीत खारवलेलं वाळकं मांस दिलं, तर ते त्याला भलतंच आवडलं, पण रात्रीतून असं पोट बिघडलं की अंगण मलाच धुवावं लागलं. सार्डिन माशांच्या डोक्यांवर जीव टाकायचा, पण गल्लीतल्या सगळ्या मांजरी आमच्या मागे. ती वरात बघून हम्मू ओट्यावर लोळून हसला.

उत्तर दादाने दिलं. म्हणजे द्यायचं म्हणून नाही दिलं. दादा रोज सकाळी बदामाच्या झाडाखालच्या चपट्या दगडावर बसून उकडलेलं अंडं सोलतो. पांढरं खातो, बलक त्याला घशात अडकतो म्हणून फेकतो. त्या दिवशी बलक उश्शनपुढे पडला. अहो, कुत्रा थरथरला! लाळेची तार जमिनीला टेकली. मी हातातलं लोणी त्याच्या नाकासमोर धरलं, तर मान वळवून पुन्हा दादाकडे.

"अंडं!" मी ओरडले. "तिलिला, अंडं गं!"

बलकाचा भुगा होतो आणि तो भुगा हुंगत कुत्रा रमतो, हे दोन दिवसांत कळलं. मग पांढऱ्याचेच हरभऱ्याएवढे तुकडे केले. मोठा तुकडा दिला की चावत बसतो, हरभऱ्याएवढा दिला की गिळतो आणि पुन्हा आपल्या तोंडाकडे बघतो, आता काय म्हणून. त्याला उपाशी ठेवायचं नाही, पण थोडं भुकेलं ठेवायचं. लोणी चोळलेली खापरी मातीत पुरायची. ती सापडली की त्याने तिथे गप्प बसायचं आणि मग अंडं. उश्शन असा शिकला की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. एके दिवशी तो हम्मूच्या भिंतीपाशी जाऊन बसला. उकरलं तर छोटं गाडगं निघालं. हम्मूच्या बायकोने नवऱ्यापासून लपवलेलं लोणी! त्यानंतर हम्मू आठवडाभर आमच्याशी बोलला नाही, आणि ती तर अजून बोलत नाही.

मोठं मडकं मात्र मिळेना. कापणी झाली, मांडवाच्या सतरंज्या आल्या. आणि उश्शन बिघडला. बागेत सोडला की तडक दादाच्या दगडाशी जाऊन बसायचा.

"अंड्याला हपापलाय मेला," मी म्हणायची. "दादा, तू त्याला काही घालू नकोस रे! सगळी शिकवण पाण्यात गेली." दादाला अंडं बंद केलं. दगड राखेने घासला. दादाला दुसरीकडे बसवायला गेले तर त्याने माझ्यावर काठी उगारली, सख्ख्या बहिणीवर! उश्शनला मी हाकलायची, तो परत यायचा. रागाने एकदा चप्पल फेकली. मग तो दगडापासून थोडा लांब बसला, पण तोंड तिकडेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दारात बसून मटार सोलत होते. शोध संपला होता, तिलिलाने बाजारचं लोणी आणायला होकार दिला होता. होकार दिला आणि आत जाऊन दार लावलं. दादा दगडावर. उश्शन शेजारी. मी सहज बघत होते, आणि माझा हात थांबला.

उश्शन अंडं मागतो तेव्हा हाताकडे बघतो. कायम. लाळ गाळतो, शेपूट हलवतो, पाय बदलतो. इथे तर त्याने दादाकडे पाठ केली होती. शेपूट स्थिर. नाक दगडाखालच्या फटीला लावलेलं.

"तिलिला! दार उघड! हा भीक मागत नाहीये. हा काम करतोय गं!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आम्ही दोघी धावलो, कुदळ आणली. पण दगडावर दादा! ऊठ म्हटलं तर उठेना. मी खजूर आणले, चहात साखर जास्त घातली, अंडंसुद्धा सोलून पुढे धरलं. कुत्र्यापुढे मांडलं होतं ते सगळं भावापुढे मांडून झालं. त्याने सगळ्याला नकार दिला आणि काठी गच्च धरली.

"मडकं इथंच आहे ना रे दादा?" मी विचारलं. त्याने ओठ मिटले. डोंगराकडे बघितलं.

तेव्हा तिलिला खाली वाकली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, उद्या तिलिलाचं लग्न आहे."

दादाने वळून तिच्याकडे पाहिलं. "उद्या?"

"उद्या."

"मग आधी सांगायचं नाही का!" दादा म्हणाला आणि उठून उभा राहिला.

इतके महिने आम्ही त्याला मडकं विचारत होतो. लग्नाचं कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला काय कळणार, म्हणून.

दगड आम्ही हलवला. माती दादाने हातांनी उकरली, कुदळ लावू दिली नाही. मडक्याचं लिंपण जसंच्या तसं होतं. तिलिला हात पुढे करून ते उचलायला लागली, तर दादाने तिचा हात बाजूला सारला, रागाने नाही, समजुतीने.

"तू नको, पोरी. हे माझ्या तिलिलाचं आहे. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही मी."

"नाही लावत, बाबा," तिलिला म्हणाली. पोरगी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती मातीतच बसली, मघाचं सोललेलं अंडं घेतलं आणि त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करत उश्शनला एकेक देत राहिली, संपेपर्यंत.