कोरडा लंगोट

मी एक जुना लंगोट आहे. पैलवानाचा नव्हे, तान्ह्या बाळाचा. हसलात ना? हसा, मित्रांनो. तुम्हीही कधीतरी माझ्याच एखाद्या भावंडात गुंडाळलेले होता. तेव्हा मात्र तुम्ही हसत नव्हता, भोकाड पसरत होता.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं, की मध्येच एक पायवाट डोंगरावर चढते. तिच्या टोकाला थोड्या घरांची एक वाडी आहे. त्या वाडीत माझा जन्म झाला. त्याआधी मी ठकूबाईच्या लुगड्याचा काठाजवळचा तुकडा होतो. सून ज्योती पहिलं बाळंतपण उरकून महाडच्या माहेराहून परत येणार म्हणून ठकूबाईने ते लुगडं पेटीतून काढलं. कोरं कापड टोचतं, तान्ह्या अंगाला वापरलेलंच कापड हवं, असं तिचं म्हणणं. तिने मला तिकोनी कापलं, कडा दुमडून हाताने शिवल्या, दोन टोकांना नाड्या लावल्या. मग उकळत्या पाण्यातून काढून कातळावर उन्हात टाकलं आणि वाळल्यावर स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. माझ्यासारखे तिने बरेच शिवले, पण सगळ्यांत मऊ मीच होतो.

बाळाचं नाव सुप्रिया. तिचा बाप सयाजी मुंबईला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा. आजोबा काशीराम सकाळीच ढोरं घेऊन रानात जात. म्हणजे दिवसभर घरात या दोन बायका, ते बाळ आणि आम्ही.

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. भिजायचं, धुवून घ्यायचं, वाळायचं आणि पुन्हा बाळाच्या कमरेला जाऊन बसायचं. कामाची घाण वाटली नाही कधी. सुप्रिया भिजली की आधी क्षणभर गप्प होई, जणू काय झालं याचा विचार करते आहे, आणि मग रडे. ज्योती धावत येऊन मला सोडी. माझ्या जागी कोरडा लंगोट आला की रडं थांबे. आमच्या जगात कोरडा हा शब्द म्हणजे शाबासकी होती. दोरीवरून काढताना ठकूबाई मला चाचपून म्हणायची, "ह्यो बघ कसा खडखडीत वाळलाय." मला फार बरं वाटायचं.

सुप्रिया सात महिन्यांची झाली त्या वर्षी उन्हाळा कडक होता. मे महिन्यात वाडीची विहीर तळाला गेली. बायका उतारावरच्या ओढ्यात खणलेल्या डवऱ्यावर जात. तिथे वाटीवाटीने पाणी भरायचं, एक हंडा भरायला सकाळ जायची. प्यायला पाणी, ढोरांना पाणी, त्यातून उरलं तर आम्हाला. ज्योती आम्हाला एकाच पाण्यात दोनदा पिळायची आणि मनातल्या मनात ओशाळायची. महाडला तिच्या माहेरी नळ होता.

अशातच एका संध्याकाळी सुप्रियाला उलटी झाली. रात्रीपासून पोट चालू झालं. एक लंगोट बांधावा तोच खराब व्हावा. सकाळपर्यंत आमची सगळी भावंडं एकामागोमाग एक वापरून झाली आणि कोपऱ्यात ढीग पडला. मी तेवढा दांडीवर शिल्लक होतो. सुप्रियाचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं, मग कण्हल्यासारखं येऊ लागलं.

ज्योतीने साखर-मिठाचं पाणी करायला घेतलं. महाडला असताना आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तिला ते शिकवलं होतं. ठकूबाईने तिचा हात धरला. पोट चालतंय तोवर पाणी द्यायचं नाही, दिलं की आणखी चालतं, हे तिने सासूकडून ऐकलं होतं आणि सासूने तिच्या सासूकडून. ज्योती वाद घालू पाहत होती, पण नवी सून, नवरा लांब, आणि वाडीतल्या बाकीच्या बायकाही सासूच्या बाजूने. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. अंगावर पाजायला घेतलं, तर बाळाला ओढायचं त्राण नव्हतं.

मला सुप्रियाच्या कमरेला बांधलं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. मी वाट पाहू लागलो. ऊन अंगणातून पडवीत चढलं. मी कोरडाच.

ठकूबाईने येऊन माझ्यात हात घातला आणि तिचा चेहरा उजळला. "थांबलं गो. बघ, कोरडा हाय. उतार पडला."

मित्रांनो, जन्मभर ज्या शब्दासाठी मी झुरलो तोच शब्द तेव्हा माझ्या अंगावर काटा आणत होता. मला जे कळत होतं ते बाहेर कुणाला कळत नव्हतं. पोट थांबलं होतं हे खरं, पण लघवीचा एक थेंबही आला नव्हता. मला लागून असलेली ती मांडी कालपर्यंत भरलेली होती, आज सुरकुतली होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. फडक्याला तोंड नसतं.

ज्योतीने सुप्रियाला मांडीवर घेतलं. बाळाने डोळे अर्धे उघडले आणि तसेच ठेवले. रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. ज्योतीने मला पुन्हा चाचपलं, वाकून वास घेतला, आणि हळूच म्हणाली, "आई, हिला सकाळपासून शूसुद्धा झाली नाही."

ठकूबाई जवळ सरकली. तिने बाळाला आपल्याकडे घेतलं आणि हाताची ओंजळ माझ्याखाली धरून बसली. भाकऱ्या तव्याशेजारी तशाच राहिल्या. काशीराम ढोरं घेऊन दुपारचे परतले, दारात उभे राहून दोघींची तोंडं पाहिली आणि उंबऱ्यावर बसले. ती ओंजळ कोरडीच राहिली. 

शेवटी ती म्हणाली, "माझ्या पयल्या पोराचं असंच झालं हुतं. कोरडं निघालं, म्हणून मी द्येवाला नारळ फोडला." एवढं बोलून तिने तांब्या स्वतःच पुढे ओढला. "घाल तुझं साखर-मीठ. आणि चल, पोलादपूरला जाऊ."

त्या पहिल्या मुलाचं पुढे काय झालं, ते तिने सांगितलं नाही. ज्योतीने घाईघाईने तांब्यात साखर-मीठ ढवळलं.

काशीरामांनी खांद्यावरचा पंचा भिजवून बाळावर धरला आणि तिघं उतरू लागली. भर दुपारची वेळ, पायाखाली तापलेला मुरूम, सावली कुठे नाही. वाटेत थांबून ज्योती बोटाने बाळाच्या ओठांवर पाणी सोडी. कधी ते आत जाई, कधी गालावरून ओघळे. प्रत्येक थांब्याला तिचा हात माझ्याकडे येई. खाली घाटरस्त्यावर एसटीची वाट पाहणं म्हणजे जीव मुठीत धरणंच. ती आलीच नाही. महाबळेश्वरहून भाजी घेऊन उतरणारा एक टेम्पो काशीरामांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला. फ्लॉवरच्या पोत्यांवर बसून आम्ही पोलादपूर गाठलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाळाची जीभ पाहिली, टाळूवरून बोट फिरवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. त्यांनी विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?"

ज्योतीला हुंदका आवरेना. उत्तर ठकूबाईने दिलं. "सकाळपासून ह्यो एकच लंगोट हाय, सायेब. कोरडा."

डॉक्टर रागावले नाहीत. एवढी नेमकी गोष्ट सांगितलीत ते बरं झालं, असं म्हणून त्यांनी पुडीतली पावडर पाण्यात कालवायला लावली. चमच्या-चमच्याने, थांबत थांबत पाजत राहा. पोटात टिकलं नाही तर सलाइन लावून महाडला पाठवावं लागेल. जाता जाता म्हणाले, "लंगोट भिजला की मला हाक मारा."

पहिले काही चमचे उलटून पडले. ज्योतीने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. बाकाच्या एका टोकाला काशीराम टोपी हातात घेऊन बसले होते. ठकूबाई भिंतीला टेकून सुप्रियाचे तळपाय चोळत होती. खिडकीतलं ऊन पिवळं झालं. बाहेर वरच्या गावांना जाणारी शेवटची एसटी सुटली, तिघांपैकी कुणीही मान वळवली नाही. डॉक्टर दोनदा दारातून डोकावून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी महाडच्या गाडीची चौकशी करायला सांगितलेलं मी ऐकलं. मी बाळाच्या अंगाला चिकटून होतो आणि माझ्या प्रत्येक धाग्यात एकच धावा चालला होता.

आणि मग सुप्रिया अंग आखडून क्षणभर गप्प झाली.

आधी एक कोमट ठिपका. मग तो पसरला. मी भिजलो, मित्रांनो! थोडासाच, पण भिजलो.

तळपाय चोळणारा ठकूबाईचा हात माझ्याखाली आला.  तिने ज्योतीचा हात धरून माझ्यावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला. सासू-सुना तशाच बसून राहिल्या. डॉक्टरांना हाक मारली ती काशीरामांनी.

दोन दिवसांनी आम्ही वाडीवर परतलो. त्यानंतर मी पुष्कळ पाणी पाहिलं. सुप्रियानंतर तिचा भाऊही मला बांधून रांगला. मग माझी एक नाडी तुटली, मधलं कापड विरलं. ज्योतीने मला कंदिलाची काच पुसायला घेतलं आणि मी फडताळात खिळ्याला जाऊन लटकलो. वाडीत वीज आल्यावर तेही काम गेलं. आता पोलादपूरच्या दुकानातही बाळांची तयार पाकिटं टांगलेली असतात, असं सयाजी सांगतो. सुप्रिया शाळेत जाते. मी कोण, हे कुणी तिला सांगू लागलं तर ती लाजून पळते.

माझी तक्रार नाही. पाकिटातलं वापरा नाहीतर लुगड्यातलं, बाळाला दोन्ही सारखंच. एवढंच सांगायचं आहे, की तुमच्या घरी तान्हं भावंड आजारी पडलं, तर लंगोट कोरडा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कधीपासून कोरडा आहे, ते आईला विचारा. तिने विचारात पडून तुमच्याकडे पाहिलं, तर मग दवाखान्यात निघायला जेवणासाठीसुद्धा थांबू नका.