अठ्ठ्याण्णव आणि अकरा

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत एका चौकोनात खूण करायची होती. कंपनीच्या अर्जावर भाषा शिकवणाऱ्या दोन ॲपची नावं होती. खूण कराल त्याचं लायसन्स मिळणार, नंतर बदल नाही. सहा आठवड्यांनी या परक्या देशातल्या भाषेत तोंडी परीक्षा. पास झाला तर लिफ्टमिस्त्री फोनच्या टेबलावर बसणार, लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलायला. नापास झाला तर घरी. गुडघा गेल्यापासून लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं बंद होतं, त्यामुळे तिसरी वाट नव्हती.

पहिलं ॲप रंगीबेरंगी. वाक्य ऐकवायचं, खाली चार पर्याय द्यायचं आणि बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं. दुसऱ्यात करडा पडदा, एका बाईचा आवाज, मग शांतता. बोला, काय बोलायचं ते. दहा दिवस दोन्ही फुकट वापरून झाली होती. पहिल्यात मिस्त्रीला अठ्ठ्याण्णव टक्के, दुसऱ्यात अकरा.

"भाऊजी, यात विचार कसला करताय?" मेहुण्याने फोनवर विचारलं. "रंगीतच घ्या. माझे सलग दोनशे चाळीस दिवस झाले."

दोनशे चाळीस दिवसांनंतरही मेहुणा औषधाच्या दुकानात पोट दाबूनच दुखणं सांगत होता. पण मेहुण्याला हे बोलून दाखवायचं नसतं.

शिवाय अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: पहिल्या आठवड्यात पन्नासच्या खाली गुण असल्यास यादीतून नाव काढायचं की नाही, हे विभागप्रमुख ठरवतील. मिस्त्रीने ती ओळ चारदा वाचली होती.

सव्वाचारला बायको लाँड्रीतल्या कामावरून आली. पर्स न ठेवताच म्हणाली, "अहो, एकदा माझ्यासमोर करून दाखवा बघू."

त्याने दहापैकी दहा केले. टाळ्या वाजल्या. तिने वाजवल्या नाहीत.

"तुम्ही ऐकता कधी?"

"ऐकायची गरजच काय? हे बघ. पहिला पर्याय उगाच लांबलाय, तो गेला. दुसऱ्याचा बाकीच्यांशी संबंधच नाही, तोही गेला. तिसऱ्या-चौथ्यात एकाच शब्दाचा फरक. म्हणजे खरा त्या दोघांत."

पंचवीस वर्षं त्याने लिफ्टमधला बिघाड असाच शोधला होता. जे ठीक आहे ते एकेक करून बाजूला काढायचं, उरेल तो गुन्हेगार. या कलेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दहा दिवस त्याने भाषा शिकण्याऐवजी ॲपची दुरुस्ती केली होती.

बायकोने फोनच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला. "आता सांगा."

आवाज आला. त्याची नजर तिच्या तळहातावर.

"परत लाव."

परत आला. तो तिच्या बोटांच्या फटीतून डोकावू लागला.

"हात काढ ना."

"अडकलेला माणूस फोनवर चार पर्याय देणार आहे का तुम्हाला?"

"अगं, पण तिकडे अकरा आहेत! पहिल्याच आठवड्यात काढतील."

"आणि इकडे अठ्ठ्याण्णव घेऊन सहा आठवड्यांनी काढतील."

"म्हणजे काढणारच म्हण की!"

"तसं म्हणाले का मी? मधले सहा आठवडे कशात घालवताय, ते विचारतेय."

पाचला दहा मिनिटं असताना मेहुण्याचा पुन्हा फोन आला. कोणी उचलला नाही. तीन मिनिटं उरली, तेव्हा मिस्त्रीने करड्या ॲपपुढे खूण केली आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनेच त्याचं बोट धरून दाबलं होतं.

पुढचा आठवडाभर तो न्हाणीघरात, जिन्यात, बस थांब्यावर ॲपमधल्या बाईशी बोलत राहिला. बाई प्रत्येक वेळी शांतपणे "पुन्हा" म्हणायची. शुक्रवारी गुण झाले तेवीस.

विभागप्रमुख बाईंनी काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. यादीत सगळे नव्वदच्या वर, तळाशी एकटा तेवीस. त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. त्यातलं 'का' एवढं त्याला कळलं.

"मी बोलतो," तो त्याच भाषेत म्हणाला. "तिथे. रोज. चूक बोलतो."

बाईंनी भरभर एक लांबलचक प्रश्न विचारला. त्याला त्यातलं काही म्हणजे काही उमगलं नाही. हसून मान डोलवावी असं फार वाटलं.

"नाही कळलं," तो म्हणाला. "हळू. परत."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शब्द तोडून तोडून विचारलं: लिफ्ट बंद. आत कोणीतरी रडतंय. तू पहिलं काय विचारशील?

हे कळलं.

"लोक किती? श्वास ठीक?" मग शब्द संपले. त्याने दोन तुटकी वाक्यं शोधून आणली. "मी इथे. जात नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. नाव खोडलं मात्र नाही. स्क्रीन परत आपल्याकडे वळवत त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी चाळीस. नाहीतर नाही."

ते वाक्य त्याला एका फटक्यात कळलं, आणि केबिनबाहेर पडता पडताच त्याने करडं ॲप उघडलं.