फाटकाजवळची माती

"मावशी, वास येतो का तिथं?" अर्जावरून नजर न उचलता कारकुनाने विचारलं.

"येत नाही, म्हणून तर आले. आला असता तर कुणीही सांगितलं असतं."

शेजारच्या टेबलावरचा दुसरा कारकून फिस्सकन हसला. त्याला दिवसभरात तेवढंच काम असावं.

भंगारवाड्यात तिने वीस वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडल्या होत्या. आतलं शिसं मालकाचं, ॲसिड मागच्या खड्ड्याचं. एकदा तिने हातमोजे मागितले, तेव्हा मालक म्हणाला होता, "कशाला? लग्नाला निघालीस का?" आता तोच मालक दानशूर झाला होता. जागा सपाट करून, वर नवी माती पसरून त्याने ती बालवाडीला देऊन टाकली होती. खड्ड्यावर घसरगुंडी बसणार होती आणि सोमवारपासून तिची नात तिथे जायची होती.

"ॲसिड कुणी ओतलं, तेही लिहावं लागेल."

"मीच ओतलं."

"अहो, तुमच्याच अंगावर येईल!"

पिवळी पडलेली, तडकलेली नखं तिने टेबलावर ठेवली. "आलं तर येऊ दे. लिहा."

तिसऱ्या दिवशी जागेवर तपासणीचे साहेब आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून फाटकाजवळच वाकले, चमचाभर माती बाटलीत घातली, झाकण लावलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"साहेब, खड्डा तिकडं मागं आहे. वजनकाटा होता ना, त्याच्या पलीकडं."

"माती सगळीकडं सारखीच असते, आजी."

"असते की. डोकीसुद्धा वरून सारखीच दिसतात."

तिने त्यांच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं आणि ती फाटकाजवळच उपडी केली. साहेब "अहो, अहो" करत राहिले. ती मात्र घरून आणलेली कुदळ घेऊन सरळ मागे गेली, पावलं मोजून थांबली आणि खणू लागली. वरची लाल माती टीचभर निघाली. हातभर खाली राखाडी लगदा लागला, त्यात बॅटऱ्यांचे काळे तुकडे.

"आता भरा," रिकामी बाटली पुढे करत ती धापा टाकत म्हणाली.

मागोमाग आलेले साहेब खड्ड्यात वाकून बघत राहिले. मग दोन पावलं मागे सरले. खिशातून रबरी हातमोजे काढून त्यांनी एकेक बोट नीट बसवत चढवले.

ती कुदळीवर हात टेकून पाहत राहिली. त्या जागेवर हातमोजे तिला पहिल्यांदाच दिसत होते.