व्हर्नाबाईंच्या टपरीवरचा लाल बाण

मित्रांनो, मी बाण आहे. धनुष्याचा नव्हे, बर्गरच्या टपरीवरचा! अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या हमरस्त्याकडेला उंच खांबावर मी उभा आहे. पत्र्याचं लाल अंग, कडेने पिवळे दिवे आणि टोक खाली टपरीकडे. मला रंगवणारा कारागीर शिडीवरून उतरला, मागे सरकून बघत राहिला आणि म्हणाला, "आता आंधळासुद्धा चुकायचा नाही." खरंच, कोणी चुकलं नाही.

टपरी व्हर्नाबाईंची. रोज तव्यावर मांसाच्या गोळ्यात कांद्याच्या पातळ चकत्या दाबल्या, की व्हर्नाबाई माझं बटण दाबत. ट्रकवाले थांबत, नवी जोडपी माझ्याखाली फोटो काढत. एकदा वादळाने चर्चचं छप्पर नेलं. मी जागचा हललो नाही. व्हर्नाबाईंचे यजमान वारले, त्या दुपारी मात्र मी विझलेला होतो. एरवी टपरीच्या वेळेत कधीच नाही.

पुढे माझा रंग उडाला, चिमण्यांनी पोटात घरटी केली. व्हर्नाबाईंचा मुलगा लॉयल मागे लागला, "आई, हे भंगार काढू. प्लास्टिकची चकचकीत पाटी लावू."

गुडघ्यांनी बेजार झालेल्या व्हर्नाबाई शेवटी म्हणाल्या, "कर काय करायचं ते." मला फार लागलं.

क्रेन येणार त्या शनिवारी लॉयलने सकाळीच माझी वीज तोडली. दुपारी गावाने वर पाहिलं, तर बाण विझलेला, यजमान वारले त्या दुपारसारखा! व्हर्नाबाई गेल्या, असंच सगळे समजले. आमच्याकडे दुःखाच्या घरी शेजारी शिजवून आणतात. बघता बघता टपरीपुढे झाकलेली भांडी घेतलेल्या माणसांची रांग लागली. शेजारची ओपल तर बटाट्याचं भांडं कवटाळून हुंदके देत होती.

खिडकी उघडली. आत उलथनं घेऊन व्हर्नाबाई!

"अगं ओपल, मेले नाही मी अजून! आणि तुझा तो गिचका बटाटा मेल्यावरही खाणार नाही!"

"मग बाण का विझवलास गं? माझा जीव गेला की इथे!"

व्हर्नाबाईंनी रांगेकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. डोळे पुसून म्हणाल्या, "लॉयल, क्रेनला नको म्हणून सांग. आधी दिवे लाव."

मी उजळलो आणि टाळ्या पडल्या. कुठल्या नव्या पाटीला असा मान मिळाला असेल?

आता दर वसंतात लॉयल शिडी लावून माझे दिवे पुसतो. मित्रांनो, तुमच्याही रस्त्यावर एखादी जुनी पाटी असेलच. भंगारात देण्याआधी एक दुपार तिच्याशिवाय काढून बघा. व्हर्नाबाईंनी लॉयलला बजावून ठेवलंय, "मी खरंच जाईन त्या दिवशी याला विझव. आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर कांदा पडला, की लाव."