कुणाच्या हातची गोळी

माझा थोरला भाऊ वजीह इजिप्तमधल्या दमिएत्ता शहरात एका कारखान्यात खुर्च्यांवर नक्षी कोरायचा. लग्नसराईत कामाला उसंत नसे; हात थकू नये म्हणून चहाबरोबर दुखण्यावरची गोळी घ्यायची तिथे रीतच पडली होती. ती द्यायचा शेजारच्या बाकावरचा शहाता. गोळ्या वाढत गेल्या, फिट येऊ लागल्या, आणि अशाच एका फिटमध्ये दादाचं डोकं यंत्राच्या कडेवर आपटलं. नक्षी हातात राहिली, पण सकाळचं बोलणं दुपारी डोक्यात टिकेना.

सुहैरबाई त्याला समुपदेशनासाठी लाभल्या. गोळीची ओढ लागते त्याआधी मनात काय येतं, असं त्या विचारायच्या. दादा सगळ्याला मान डोलवायचा. जिना उतरताना मला म्हणायचा, "कोण गं ही बाई? स्वभावानं बरी वाटते."

बाईंनी बैठकीचा वेळ निम्मा केला. एका बैठकीत एकच गोष्ट. हातात पटाशी आणि लाकडाचा तुकडा दिला की तो मोकळा बोलायचा, पण तेही घरी येईपर्यंत पुसून जायचं. आणि त्याचं मागणं एकच होतं, कारखान्यात जाऊ दे. तिथे शहाता बसलेला. मी काय म्हणून हो म्हणणार?

मध्येच माझ्या लेकीचा सुबूअ, म्हणजे जन्माच्या सातव्या दिवसाचा सोहळा, आला. रीतीप्रमाणे तिला चाळणीत ठेवून हलवलं, आणि इन्शिराह मावशी कानाशी पितळी खलबत्ता वाजवत ओरडली, "आईचं ऐक गं, बापाचं ऐकू नको!" नवऱ्याची यथेच्छ चेष्टा झाली. मी मात्र बाळ दचकतंय का तेवढंच बघत होते. पुढे आठवडाभरानं दादा तिला जोजवताना पाळण्यावर बोटांनी ठेका धरून तेच म्हणत होता. शब्दन् शब्द. मी लगेच बाईंना फोन केला.

पुढच्या बैठकीला खलबत्ता गेला. दादा हसला, "मी काय सात दिवसांचा आहे?"

"तुमचं डोकं अजून नवं आहे, उस्ताद," बाई म्हणाल्या.

"गोळी नको, वजीह, गोळी नको." बाईंनी दिलेली ही ओळ दादानं खलबत्ता कुटून कुटून पाठ केली, खालचे शेजारी वैतागेपर्यंत. मी खूश होते. मग एका संध्याकाळी मी त्याची डॉक्टरांनी दिलेली फिटवरची गोळी पुढे केली, तर त्यानं तोंड मिटलं, टेबल बडवलं आणि अभिमानानं सांगितलं, "गोळी नको." आईनं विनवलं, मी रडले, पण व्यर्थ. दुसऱ्या दिवशीही तेच. आता फिट आली तर, या विचारानं मी बाईंना फोन लावला.

बाई स्वतः घरी आल्या. आधी त्यांना हसू फुटलं, मग म्हणाल्या, चूक माझी. बाळाला आपण नुसतं नको म्हणत नाही. कुणाचं ऐकायचं तेही सांगतो.

नवी ओळ ठरली. "बहिणीच्या हातची घे, शहाताच्या हातची घेऊ नको." दादानं खलबत्ता बाजूला सारला.

"शहाता वाईट नाही," तो म्हणाला. "मला हसवतो."

"म्हणूनच त्याचं नाव घ्यायचं, उस्ताद."

"त्याचा चहा घेईन मी."

"चहा घ्या की."

ओळ बसली, गोळीही पोटात जाऊ लागली. शेवटी बाईंच्या भरवशावर मी दादाला कारखान्यात नेलं. लेक कडेवर, मी दारात. शहातानं त्याला मिठी मारली, डोळे पुसले, चहा मागवला आणि तळहात उघडला. मध्ये पडायचं नाही, असं बाईंनी मला बजावलं होतं. मी दारातच थांबले.

दादानं तळहातावरची गोळी पाहिली. मग मोगरी उचलून त्यानं बाकावर ठोके घातले आणि मावशीच्याच चिरक्या आवाजात अख्खी ओळ म्हटली. सगळा कारखाना हसला.

"अरे, भरल्या कारखान्यात सुबूअ करतोस काय?" शहाता म्हणाला. पण त्याची मूठ मिटली होती, आणि हात खिशात गेला.

दादानं त्याचा चहा घोट घोट संपवला. मग माझ्याकडे हात पसरला.

"अजून वेळ झाली नाही, दादा."

"बरं," तो म्हणाला. "पण तू लक्षात ठेव हं. मी विसरेन."