उष्टा नान

"उतरा. सगळे उतरा खाली," म्हणत रोझमतनं टॅक्सीच्या टपावर काठी आपटली.

"टप माझा आहे, आका," सापर ड्रायव्हर काच खाली करत म्हणाला. "आणि नियम मला पाठ आहे."

नियम आमच्या सारीताम गावात सगळ्यांनाच पाठ आहे. लोखंडी तराफे एकमेकांना जखडून केलेला आमचा तरंगता पूल भरल्या गाडीचं ओझं पेलत नाही. म्हणून गाडी रिकामी पुढे जाते आणि माणसं मागून चालत जातात. गावाच्या तीन बाजूंना आमूदर्या नदी आणि चौथ्या बाजूला वाळू. वाळूतून कुणी जात नाही. त्यामुळे ज्याला गाव सोडायचंय त्याला पुलाच्या राखणदारासमोरून पायी जावं लागतं, आणि राखणदार रोझमत प्रत्येकाला विचारतो, "परत कधी?" हे विचारणं नियमात नाही, पण त्याला अडवणार कोण?

त्या दिवशी गाडीतून शिंपीणबाई उतरल्या. हातात शिलाई मशीन.

"कुठे?"

"भाचीच्या लग्नाला, आका."

"मशीन घेऊन?"

"नवरीचा झगा शिवायचाय."

"इथं शिवून नेला असता तर नवरीला टोचला असता?"

शिंपीणबाई मशीन सावरत पुलावर चालू लागल्या. रोझमत त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. शिंपीणही गेली म्हणायची. पुलाच्या तोंडाशी गावच्या लोकसंख्येची पाटी आहे, ती रंगवून जमाना झाला. "त्या आकड्यात कबरस्तान धरलं तरच हिशेब जुळेल," असं तो म्हणतो. अर्धं गाव रशियात विटा उचलतंय आणि उरलेलं अर्धं निघायच्या तयारीत आहे, असा त्याला पक्का संशय होता. नवी बॅग दिसली की संशय. रजई दिसली की खात्रीच. रजई घेऊन निघालेला माणूस पाहुणा म्हणून जात नसतो.

हा संशय त्याला जन्मजात नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा अझमत चार वर्षांपूर्वी याच पुलावरून रशियात काझानला गेला. "परत कधी?" म्हटल्यावर "वसंतात, बाबा" म्हणाला होता. कुठला वसंत, ते विचारायचं राहिलं.

निघताना अझमतनं आमच्या रिवाजाप्रमाणे दाराशी उभं राहून नानाचा एक घास घेतला होता. उरलेला नान बिकाजाननं, म्हणजे त्याच्या आईनं, दारावरच्या खिळ्याला टांगला. उष्टं मागे ठेवलेला माणूस ते संपवायला येतो, असं आमच्यात मानतात. नान आता विटेसारखा झाला होता. तरीही रोझमतला एक भरवसा होता, त्याची सून सनोबर. बायको इथे आहे तोवर पोरगा कधी ना कधी येणारच. ती गेली की संपलं.

थंडी सुरू झाली तशी तो मेंढीच्या कातड्याची टोपी शोधायला लागला. पेटीवर रचलेल्या रजयांमागे हात घातला, तर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडून पाहिलं. नान होता. ताजा, एक घास चावलेला.

म्हणजे घरातलंच कुणीतरी निघायच्या तयारीत होतं.

नान त्यानं होता तसा गुंडाळून ठेवला. टोपी न घेताच बाहेर आला. अंगणात सनोबर फोनवर हळू आवाजात बोलत होती. त्याला पाहून तिनं घाईनं फोन बंद केला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"यांच्याशीच, बाबा."

"मग एवढं हळू कशाला? तो काय आजारी आहे?"

"नाही, बाबा." तिनं मान खाली घातली.

तिच्या पायांत नवे बूट होते. संध्याकाळी तो बिकाजानला म्हणाला, "सुनेवर नजर ठेव. काहीतरी शिजतंय."

"शिजतंय तर. डाळ शिजतेय," बिकाजान म्हणाली. "हात धुऊन बसा."

दुसऱ्या दिवशी त्यानं सापरला बाजूला घेतलं. "माझी सून तुझ्या गाडीत बसली तर मला आधी कळलं पाहिजे."

सापरनं छातीवर हात ठेवला. "सुनेला नेणार नाही, आका. भाकरीची शपथ."

रोझमतला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यानं विश्वास ठेवलेला हा पहिला माणूस.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सापरची गाडी पुलाशी थांबली. रोझमतनं टपावर काठी आपटली. मागचं दार उघडून एक बाई खाली उतरली. ठेंगणी, जाड शाल, हातात अझमतची जुनी शाळेची पिशवी.

बिकाजान होती.

"इथे काय करतेस?" तो म्हणाला. "बाजार आज नाही."

"काझानला चाललेय."

सापर रिकामी गाडी घेऊन पुढे निघून गेला.

"नान तुझा होता?"

"सापडला होता तुम्हाला? वाटलंच मला. चार दिवस घरात तोंड पाडून फिरत होतात."

"घरी सांगायचं."

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं. पुलाला दार नाही."

खरं होतं ते. त्याला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. बिकाजान आजवर जिल्ह्याच्या बाजारापलीकडे कधी गेली नव्हती.

"सनोबर निघाली होती," ती म्हणाली. "बूटसुद्धा घेतले. मी म्हटलं, तू तरणी आहेस. गेलीस की तिकडचीच होशील. माझं तिकडे काय आहे? तो का येत नाही ते डोळ्यांनी बघते, जमलं तर कान धरून आणते."

तिनं शाल नीट केली. तिच्या कानांत सोनं नव्हतं, तिकिटाचे पैसे त्यातूनच आले असणार. ते कधीपासून नव्हतं, ते रोझमतला आठवेना. साऱ्या गावाच्या बॅगा तपासणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचे कान दिसले नव्हते.

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. दोघं पुलावरून चालू लागली. पायांखाली तराफे हलत होते. ती त्याची बाही धरून चालली, लग्नानंतर या गावात आली तेव्हा चालली होती तशी. पलीकडच्या काठाशी तो थांबला. राखणदारानं पूल सोडायचा नाही, हा मात्र नियम आहे.

पिशवी देताना त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "परत कधी?"

"नान बघितलात ना?" बिकाजान म्हणाली. "मग विचारता कशाला?"

ती गाडीत बसली. गाडी कापसाच्या शेतांपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.

दुपारी घरी येऊन त्यानं रजयांमागचं फडकं काढलं. या वेळी नान उजेडात धरून बघितला. चाव्याच्या मधोमध थोडा भाग तसाच राहिला होता. गेल्या हिवाळ्यात बिकाजानचे पुढचे दोन दात पडले होते. नीट बघितलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

सनोबर दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "बाबा, द्या. यांच्या नानाशेजारी टांगते."

"नको. हातोडी आण."

त्यानं खिळा घेतला. अझमतचा नान दारावर उंच होता. पोरगा उंच होता. रोझमत भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि बिकाजानचा रुमाल बांधलेला माथा आपल्या खांद्याला कुठे लागायचा, ते त्यानं हातानं चाचपून पाहिलं. मग त्याच्याही थोडा खाली खिळा ठोकला.

"इतक्या खाली?" सनोबर म्हणाली. "मांजर ओढेल, बाबा."

"मांजराकडे मी बघेन," रोझमत म्हणाला. "आली की तिला तिच्या हातानं काढता आला पाहिजे."