माझ्यातला घास कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुनी, वाळून लाकूड झालेली रोटी आहे. मर्गिलान या उझबेक शहरात मुकर्रमबाईंच्या स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्यात एक घास कमी आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हेही आधीच सांगून टाकते. उंदीर, मुंग्या, पाहुणे, माझा कोणावर म्हणून विश्वास नाही.

मला थापलं ओयदिनने. ती मुकर्रमबाईंची सून, नमनगानहून लग्न होऊन आलेली. माझ्याबरोबर तंदूरमधून निघालेल्या अकरा रोट्या दुपारपर्यंत फस्त झाल्या. मला मात्र बाजूला ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा एर्किन ट्रकमधून सुके जर्दाळू घेऊन पंधरा दिवसांसाठी कझाकिस्तानला निघणार होता. आमच्याकडे घरातून लांब जाणारा माणूस रोटीचा एक घास घेऊन जातो. उरलेली रोटी भिंतीवर त्याची वाट बघते आणि परत आल्यावर ती त्यानेच संपवायची असते. केवढा मान! मी रात्रभर फुगून बसले होते.

सकाळी बाई उठल्या तेव्हा ट्रक गेलेला होता आणि मी खिळ्यावर होते.

"मला न उठवताच गेला?" बाईंनी विचारलं.

"तुमची झोप मोडवेना म्हणाले," ओयदिन म्हणाली.

"घास घेतला ना?"

"घेतला."

बाईंनी सुनेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण रोटीला विचारतो कोण?

आठवड्याभरात साथ आली. सीमा बंद झाली, नमनगानचा रस्ताही बंद झाला. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. रोज चार वाजता एर्किनचा फोन यायचा. घरात फोन एकच, तो बाईंच्या हातात. एर्किन हसतमुखाने ट्रकांचा तळ दाखवायचा, चुलीवरचं सूप दाखवायचा, सोबतचे चालक गाणी म्हणायचे. बाई मला फोनसमोर धरून म्हणायच्या, "बघ, तुझी रोटी इथे वाट बघतेय." तो मान डोलवायचा आणि नजर चुकवायचा.

"रोज सगळं छानच कसं असतं याचं?" फोन ठेवला की बाई पुटपुटायच्या. "काहीतरी लपवतोय. तुला सांगितलंय का गं काही?"

"नाही हो आई."

बाईंचा विश्वास बसायचा नाही. माझा तरी कुठे बसत होता?

एके दिवशी मला मुंग्या लागल्या. बाईंनी मला अंगणात उन्हात ठेवलं, चष्मा लावला आणि एकेक मुंगी झटकायला घेतली. झटकता झटकता त्यांचा हात थांबला. एर्किनचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. माझ्यावर उमटलेले दात सगळे सरळ होते, आणि बारीक.

"ओयदिन, इकडे ये. हे दात कोणाचे?"

ओयदिनचा चेहरा उतरला. "माझे, आई. ते घाईत विसरून गेले. तुम्ही काळजी करत बसाल म्हणून मीच घेतला घास."

बाईंनी मला मांडीवर ठेवलं. "म्हणजे ही त्याची वाट बघतच नाहीये. मग तो यायचा कसा?"

तेवढ्यात चार वाजले. बाईंनी मुलाला चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "थांब, इथे रोटी आहे. आत्ता घेतो घास."

"खबरदार. तिथे घास घेतलास तर पुन्हा तिथेच जाशील."

मागचे चालक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे आणि मग सुनेकडे बघत राहिल्या.

"घास तुझा," त्या सावकाश म्हणाल्या. "मग घरापासून लांब कोण आहे? आईशी शेवटचं कधी बोललीस?"

"नवरोजच्या सणाला."

"पाच महिने? अगं, का?"

"फोन मागितला की तुम्हाला वाटायचं, मी तिकडे तुमची गाऱ्हाणी सांगते."

बाईंना खरंच तसं वाटायचं, मित्रांनो. मलाही वाटायचं. आणि आम्हा दोघींना आमच्या हुशारीचं फार कौतुक होतं.

"ठेव आता, तू ठणठणीत आहेस," बाईंनी मुलाला सांगितलं आणि स्वतःच नमनगानला फोन लावला. "विहीणबाई, तुमच्या पोरीने घास घेतलेली रोटी माझ्याकडे आहे. ती तुमच्या भिंतीवर हवी होती. रस्ता उघडला की पोरीला आणि रोटीला मी स्वतः घेऊन येते. तोवर बोला तिच्याशी."

फोन सुनेच्या हातात देऊन त्या अंगणातून उठल्या, थेट रस्त्यावर गेल्या आणि फाटक ओढून घेतलं. बाई बाहेरून चोरून ऐकत असतील म्हणून, माझ्या सवयीप्रमाणे, मी फाटकाखालच्या फटीवर नजर ठेवली. तिथे कोणाची पावलं थांबलेली नव्हती. इकडे ओयदिन "आई" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मित्रांनो, मला ओलीपासून आणि मुंग्यांपासून जपतात तसं तुम्हीही तुमच्या घरच्या रोटीला जपा. पण घरात फोन एकच असेल, तर तो कधीच हातात न येणारं माणूस कोण, तेवढं आधी बघा.